न बांधलेल्या मजल्यांची विशाखा

विशाखा पहिल्यांदा आमच्याकडे आली ती खोली बघायला, पण खोली तिने बघितलीच नाही. भाडेकरू म्हणून येणारं माणूस आधी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतं, मग संडास कुठे आहे ते बघतं आणि शेवटी भाडं जास्त आहे म्हणतं. ही जिना चढून गच्चीवर आली, खोलीच्या दाराकडे पाठ केली आणि सरळ कोपऱ्यातल्या कॉलमपाशी गेली. कॉलममधून वर आलेल्या गंजक्या सळया तिथे उभ्या होत्या. त्यातली एक तिने मुठीत धरली, जराशी हलवून पाहिली आणि मला विचारलं, "बाई, ह्या कोणासाठी सोडल्यात?"

"कोणासाठी म्हणजे? वरच्या मजल्यासाठी."

"ते तर दिसूनच राह्यलं. पण वरच्या मजल्यावर ऱ्हाणार कोण होतं?"

मी भूगोलाची शिक्षिका, आता निवृत्त. प्रश्न विचारायची सवय मला, उत्तरं द्यायची नाही. मी म्हटलं, "तुला खोली बघायची आहे की माझी मुलाखत घ्यायची आहे?" तर म्हणते, "खोली काय, असंलच की खोलीसारखी. घेतली मी." मी शाळेत होते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. 'बाई' कशावरून म्हणालीस असं मी पुढे कधीतरी विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुम्ही दार उघडलं न् मला वाटलं, घरचा अभ्यास ऱ्हायला आपला."

आज ती नाही. तिशीही गाठली नाही तिने. शिल्पकार म्हणून तिचं नाव नुकतं कुठे चार लोकांच्या तोंडी येऊ लागलं होतं, आणि त्या चार लोकांपैकी एकानेही तिला भर उन्हात, डोक्याला ओढणी गुंडाळून, गच्चीवर तार पिळत बसलेलं पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे, म्हणून मी लिहिते.

आमच्याकडची घरं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना हा सळयांचा प्रकार सांगायला हवा. जालन्यात काय किंवा अंबड-परतुरात काय, माणूस घर एकदम बांधत नाही. खालच्या दोन खोल्या उठवतो, स्लॅब टाकतो आणि कॉलममधले गज हातभर वर तसेच सोडून देतो. पोराचं लग्न ठरलं की वरचा मजला चढवू, असा हिशेब असतो. मग त्या गजांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली जाते, कुणी त्यावर रिकामी बाटली उपडी घालतं, कुणी डिश टीव्हीची छत्री अडकवतं. पोराचं लग्न होतं, पोरगा पुण्याला जातो, गज तिथेच राहतात. मी जन्मभर या गावात राहिले, पण मान वर करून त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. विशाखा दुसरीकडे कुठे पाहायचीच नाही. बाजारातून माझ्याबरोबर चालताना दोनदा तरी ती हातगाड्यावर आदळली असेल. मी ओरडायचे, "अगं, खाली बघून चाल." ती म्हणायची, "खाली काय बघायचं बाई, खालचं तर सगळं बांधून झालेलं हाय."

ती मूळची वडीगोद्रीची. वडील, ज्यांना ती अण्णा म्हणायची, बांधकामावर सळया बांधण्याचं काम करत. आई ती लहान असतानाच गेली होती. संभाजीनगरला कलेचं शिक्षण घेऊन ती जालन्याला आली, कारण एमआयडीसीतल्या गिरण्यांमधून गजाची कापलेली टोकं, वाकडी निघालेली पट्टी, फाटका पत्रा असला माल तिला मिळायचा. जालना सोन्याचा पाळणा, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो. सोनं काही कुणी पाहिलं नाही, लोखंड मात्र सगळ्यांच्या दारात आहे. टेंपोवाला पहिल्यांदा माल घेऊन आला तेव्हा त्याने मला विचारलं, "भंगारचं दुकान इथंच काय?" मी हो म्हटलं. वाद कोण घालणार?

गल्लीत दुसऱ्याच दिवशी शेजारणीने, "कोण लोक म्हणायचे हे?" असं आवाज बारीक करून विचारलं. मी आवाज मोठा करून सांगितलं, "भाडेकरू लोक." पुन्हा तो विषय माझ्यासमोर तरी निघाला नाही. विशाखाने हे खोलीतून ऐकलं होतं. संध्याकाळी ती खाली आली, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मला ताटलीत घालून देत म्हणाली, "आमच्या लोकांचा ठेचा तिखट असतो हं बाई." तो इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती पोट धरून हसली. तिचं हसणं मोठं आणि बिनलाजेचं होतं. दुपारी ते वरून ऐकू आलं की माझी झोप मोडायची. लोखंड कापायच्या ग्राइंडरने तर मोडायचीच.

ती करायची काय, तर लोकांच्या न बांधलेल्या मजल्यांची शिल्पं. गावातल्या एखाद्या घरावर गज दिसले की दार वाजवायची आणि मला विचारला तोच प्रश्न विचारायची. काही जण हाकलून द्यायचे. पण बरेचसे चहा ठेवायला सांगायचे आणि बोलायला लागायचे. सून कुठे स्वयंपाक करणार होती, देव कुठे बसवणार होते, कुठल्या कोपऱ्यात बायको शिवणयंत्र ठेवणार होती, सगळं. मग ही गच्चीवर बसून तारेचा आणि बारीक गजाचा तेवढाच मजला, पेटीत मावेल अशा लहान मापात, करायची. खालचं घर नाही, नुसता वरचा, जो झालाच नाही तो. भिंती नाहीत, फक्त कडा. दार, खिडकी, फळी, पाळण्याची कडी, सगळं हवेत रेघ ओढल्यासारखं. मी एकदा तिला म्हटलं, "विशाखा, घर पाहावं बांधून म्हणतात. तुझं हे काय चाललंय?" ती तोंडातली तार काढून म्हणाली, "मी न बांधता पाहून राह्यले, बाई. खर्चा कमी, मजा तीच."

दाणाबाजारातले एक म्हातारे शेठजी होते. त्यांनी तिला आधी दुकानातून उडवून लावलं होतं, मग बोलले होते, मग बोललो याचा राग येऊन पुन्हा उडवून लावलं होतं. त्यांचा मजला तयार झाल्याचं कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं. एका सकाळी शेठजी कठड्याला धरत धरत आमचा जिना चढून आले. त्यांनी त्या तारेच्या खोल्यांना वाकून, चष्मा वरखाली करून पाहिलं, आणि एकदम रागाने म्हणाले, "हे गलत आहे. खिडकी इकडं न्हवती. खिडकी नदीच्या अंगाला काढणार होतो. आमच्या हिला कुंडलिकेचं पाणी दिसलं पाहिजे होतं."

जी खिडकी कधी झालीच नाही ती चुकीच्या भिंतीत बसवली म्हणून माणूस रागावला होता. मला हसू येत होतं, पण विशाखा हसली नाही. "चुकलंच माझं, शेठजी," म्हणाली. तिने पक्कड घेतली, खिडकी सोडवली आणि दुसऱ्या भिंतीत बसवली. शेठजी उभ्यानेच ते बघत राहिले. "अब बराबर," एवढंच म्हणाले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती हे मला माहीत होतं. जिना उतरताना ते मधेच थांबले आणि भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. मी वरूनच पाहिलं आणि मागे सरकले.

आमच्या घरावरच्या गजांचं उत्तर मी तिला बरेच दिवस दिलं नव्हतं. तिनेही पुन्हा विचारलं नाही. एका दुपारी मीच आपणहून सांगितलं. आमचे हे पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण जीव सगळा होमिओपॅथीत. घरात साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या शेकड्यांनी बाटल्या. निवृत्त झाल्यावर वरच्या मजल्यावर फुकट दवाखाना काढायचा हे त्यांचं स्वप्न होतं. निवृत्तीआधीच गेले. गोळ्यांचा त्यांना स्वतःला काही उपयोग झाला नाही. हे सगळं मी नेहमीसारखं थट्टेत सांगितलं. विशाखाने विचारलं, "पेशंट कुठं बसणार होते?" मी म्हटलं, "बाकावर. जिन्यातून आलं की डाव्या हाताला." आणि मग मी थांबूच शकले नाही. औषधांचं कपाट, त्याचे छोटे खण, पुडी द्यायची खिडकी. मला एवढं सगळं पाठ होतं हे मलाच माहीत नव्हतं. त्यांच्या मागे मी लोकांसमोर रडले नाही, त्या दिवशी रडले.

हा मजला तिने लहान केला नाही. खऱ्या मापाचा केला, खऱ्या जागेवर. कॉलममधल्या जुन्या गजांना नवे गज जोडून तिने गच्चीवर दवाखाना उभा केला. भिंती, दार, खिडकी, कपाट सगळं लोखंडी रेघांचं. बाक मात्र बसता येईल असा पक्का. काम महिना-दीड महिना चाललं, आणि गल्लीत गोंधळ उडाला. खालून बघणाऱ्याला काय, गज चढताना दिसत होते. शेजारीण पेढे घेऊन आली. एक मिस्त्री सेंट्रिंगचं काम मिळेल का म्हणून दोनदा येऊन गेला. अंबडहून नणंदेचा फोन, "वहिनी, वास्तुशांतीला साडी कुठल्या रंगाची आणू?" होमिओपॅथीची बातमी तर माझ्याच तोंडून फुटलेली. एक दिवस एक बाई खोकणारं लेकरू काखेत घेऊन थेट गच्चीवर आली आणि बाकावर बसून राहिली. तिला वाटलं, डॉक्टर यायचे आहेत. विशाखाने तिला पाणी दिलं, लेकराला बिस्किट दिलं आणि नीट पत्ता सांगून खऱ्या दवाखान्यात पाठवलं. ती गेल्यावर मला म्हणाली, "काकांचा पहिला पेशंट." आम्ही दोघी खूप हसलो.

याच गोंधळाची बातमी वडीगोद्रीपर्यंत गेली. कुण्या मिस्त्रीने अण्णांना सांगितलं की तुमची पोरगी जालन्यात मजला चढवून राह्यली. अण्णा पिशवी घेऊन आले. उंच, हाडकुळा माणूस; हाताची बोटं तारेने कापून कापून काळी झालेली. "मला वाटलं, पोरगी ठेकेदारी करून राह्यली," ते मला म्हणाले, आणि त्यात थोडा अभिमान होता. गच्चीवर जाऊन त्यांनी प्रत्येक जोडाला हात लावला. एका ठिकाणी तारेचं टोक बाहेर आलेलं होतं, ते अंगठ्याने आत दाबलं.

"बांधणी बराबर हाय," ते म्हणाले. विशाखाचा चेहरा असा फुलला की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. "भरणार कधी?"

"भरायचं न्हाई, अण्णा. असंच ऱ्हाणार."

"निस्तं उघडं?"

"उघडंच." आणि लगेच ती एका दमात म्हणाली, "अण्णा, आपल्या घरावर मिलिंददादाचा मजला असाच करायचा मला. तुम्ही न् मी मिळून करू."

मिलिंद तिचा मोठा भाऊ. तो इथेच एमआयडीसीत गिरणीत कामाला होता. ही शिकत असताना गजाची टोकं जमवून हिला संभाजीनगरला नेऊन देणारा पहिला माणूस तोच. शिल्प म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण बहीण लोखंडाचं काहीतरी करते याचा त्याला आनंद होता. सुट्टीला मोटारसायकलवर गावी जात असताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला आणि गेला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. त्याचं लग्न ठरलेलं होतं आणि वडीगोद्रीच्या घरावरचे गज त्याच्यासाठी सोडलेले होते. विशाखाने हे सगळं मला तुकड्यातुकड्याने सांगितलेलं होतं, प्रत्येक वेळी हातातलं काम न थांबवता.

मी आणून दिलेला चहा अण्णांनी एका घोटात संपवला. "न्हाई," म्हणाले.

"कामून?"

"तू त्यो असा बांधून टाकला की झालं. मंग तिथं काही व्हायचं ऱ्हात न्हाई. आत्ता निस्ते गज हायेत, तवर व्हायचंय म्हणता येतंय मला." कप खाली ठेवून ते उठले. "दुसऱ्याच्या घरावर कर तुला काय करायचं ते. माझ्या गजांना हात लावायचा न्हाई."

ते गेल्यावर ती दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. मी शेजारी बसले. "साऱ्या जालन्याचे मजले करून राह्यले मी, बाई," ती म्हणाली, "न् ज्याच्यापायी हे सुरू केलं, त्याचाच करता येऊन न्हाई राह्यला. बाकीचे सगळे निस्ते हात बसवायला केले हो." मी बापाची बाजू घेऊन दोन शब्द सांगायला गेले, पण तिने मान हलवली. तिला बापाची बाजू माझ्यापेक्षा जास्त कळत होती, हीच तर अडचण होती.

त्याच वर्षी मुंबईत चार-पाच तरुण शिल्पकारांच्या प्रदर्शनात तिचे लहान मजले लागले. माझ्या जुन्या साड्यांत गुंडाळून, लाकडी पेटीत भरून ती ते घेऊन गेली. परत आली तेव्हा खूश होती आणि चिडलेलीही होती. तिथे कुणी तरी शहाण्या माणसाने तिच्या कामाला रिकाम्या जागेचं शिल्प असं म्हटलं होतं. "रिकामी कामून?" ती मला विचारत होती, जसं काही मीच म्हटलं होतं. "शेठजीची बायको बसलीय तिथं खिडकीत. काका पुड्या बांधून राह्यलेत. माणसं हायेत की भरलेली." पण त्या लोकांनी तिला पुढचं, फक्त तिच्या एकटीचं प्रदर्शन देऊ केलं होतं. एक मोठं काम करा, आम्ही येऊन त्याचे फोटो आणि चित्रफीत घेऊ, म्हणाले होते. दुसरी कुणी असती तर आमच्या गच्चीवरचा दवाखाना दाखवून मोकळी झाली असती. मीही तेच सुचवलं. ती म्हणाली, "मोठं काम एकच हाय माझ्याकडं. ते झालं तर झालं."

दिवाळीनंतर एका रविवारी ती मला वडीगोद्रीला घेऊन गेली. तिला वाटत होतं की माझ्यासारखी वयाने मोठी बाई बोलली तर अण्णा ऐकतील. एसटीतून उतरून हायवेलगतच्या दुकानांमागून आम्ही घरी पोचलो तर अण्णा गच्चीवर होते. त्यांच्यापुढे घमेल्यात सिमेंट पाण्यात कालवलेलं होतं, आणि रंगाच्या ब्रशने ते एकेका गजाला त्याचा हात देत होते. गंज चढू नये म्हणून असं करतात हे मला तेव्हा कळलं. आमच्या ह्यांनी कधी केलं नव्हतं, कुणीच करत नाही. मिलिंद होता तेव्हा दर वर्षी हे काम बापलेक करत. तो गेल्यावर बाप एकटा करत होता.

मी एसटीत मनाशी जुळवून ठेवलेलं सगळं भाषण विसरले. विशाखाने चप्पल काढली, दुसरा ब्रश शोधला आणि पलीकडच्या कॉलमपासून सुरुवात केली. दोघं समोरासमोर बसून गजांना सिमेंटचं पाणी लावत होते. अण्णा मधेच म्हणाले, "खालून वर ने. वरून खाली नेलं तर गळतं." ती म्हणाली, "बरं." एवढंच त्या दिवशी बोलणं झालं. परतताना एसटीत मी तिला विचारलं, "मग प्रदर्शनाचं काय?" तिच्या नखांत सिमेंट वाळलं होतं, ते ती काढत होती. "बघू ना, बाई. अण्णा हो म्हणतील. मला जल्दी न्हाई."

तिला वाटलं, वेळ आहे. मलाही तसंच वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला. गावात घराघरांत तापाची माणसं होती, त्यामुळे सुरुवातीला मीही घाबरले नाही. तिला खाली आणून माझ्या पलंगावर झोपवलं, पेज दिली, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या दिल्या. ताप उतरला तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. संभाजीनगरला नेलं. अण्णा परस्पर तिकडे आले. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, त्यांना दोष द्यायला मला जागा नाही. असती तर बरं झालं असतं, माणसाला कुणावर तरी रागावता येतं. शुद्धीवर होती तेव्हा तिने मला सांगितलं की गच्चीवरचा बाक जरा डुगडुगतो, त्याच्यावर शेजारच्या पोरांना उड्या मारू देऊ नका. अण्णांना ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. मी बाहेर बसले होते.

एवढं चांगलं माणूस इतक्या लवकर का जावं, असं लिहायचं मी टाळत होते, कारण सगळेच असं लिहितात. पण मला खरंच तेच वाटतं आणि दुसरं काही सुचत नाही. वर्गात कितीतरी हुशार मुलं मी पाहिली. हिच्यासारखं, न झालेल्या गोष्टीकडे इतक्या आस्थेने बघणारं कुणी पाहिलं नाही. आणि तिचंच सगळं व्हायचं राहिलं.

जलदान विधीला मी वडीगोद्रीला गेले होते. मांडवात माणसं बरीच होती, शेठजींनी त्यांच्या मुलाला पाठवलं होतं. अण्णा सगळ्यांना हात जोडत होते, पण कुणाला ओळखत असतील असं वाटत नव्हतं. त्यानंतर माझं जाणं झालं नाही. तिची खोली मी भाड्याने दिलेली नाही. मुंबईचे लोक येऊन लहान मजले घेऊन गेले, नीट ठेवू म्हणाले.

उन्हाळा लागता लागता अण्णांचा फोन आला. "बाई, एकदा येऊन जावा. काम हाय."

मी गेले. हायवेवरून आत वळलं तेव्हाच मला ते दिसलं. त्यांच्या घरावर गज चढलेले होते. गच्चीवर गेले तर मिलिंदचा मजला उभा होता, खऱ्या मापाचा, दोन खोल्या आणि पुढे छोटा व्हरांडा. भिंतींच्या कडा, दाराची चौकट, खिडक्या, जिन्याचा वळसा, सगळं गजांचं. एकट्या माणसाने, या वयात, दिवसभर दुसऱ्याच्या बांधकामावर राबून झाल्यावर हे केलं होतं. प्रत्येक जोड सारखा पिळलेला. मी आत गेले, म्हणजे जिथे आत म्हणायचं तिथे गेले, आणि मला धरायला काही नव्हतं म्हणून गजालाच धरून उभी राहिले.

"तिला हेच करायचं व्हतं," अण्णा म्हणाले. "मी न्हाई म्हणलो. आता कोणासाठी अडवून धरू? म्हणून करून टाकला." त्यांनी मला पाणी आणून दिलं. मी प्यायले. मग ते मला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे कॉलम नव्हते. सपाट गच्चीवर नवे गज आडवे पडलेले होते, कापून, सरळ करून ठेवलेले. बांधलेलं काहीच नव्हतं.

"इथं हिची खोली करायची म्हणतो," ते म्हणाले. "पण बाई, घर बांधलं तवा हिच्यासाठी खालून कॉलमच घेतला न्हाई मी. पोरीची जात, जाणारच, म्हणून. मिलिंदचं सगळं ठरलेलं व्हतं, दार कुठं, खिडकी कुठं. हिचं कोणी ठरवलंच न्हाई. तिनंबी कधी मागितलं न्हाई." ते खाली बसले आणि एका गजावरून हात फिरवत राहिले. "ती तुमच्याकडं ऱ्हायली. तुम्हाला म्हाईत असंल. केवढी जागा लागायची तिला?"

माझ्याकडच्या खोलीत तिच्या अंथरुणापुरतीसुद्धा जागा नसायची. लोखंड आणि तारा सगळीकडे पसरलेल्या, ती दाराशी अंग मुडपून झोपायची आणि पाय उंबऱ्याबाहेर असायचे. हे मी अण्णांना सांगितलं नाही. मी कठड्यापासून चालायला सुरुवात केली. अण्णा उठले आणि विटेच्या तुकड्याने माझ्या मागे मागे रेघ ओढत आले. मी एका कडेने गेले, वळले, दुसऱ्या कडेने गेले. मिलिंदच्या भिंतीपाशी पोचले तेव्हाच थांबले, कारण पुढे गच्चीच उरली नव्हती.

अण्णांनी मागे वळून त्या रेघेकडे पाहिलं. "एवढी? एवढी तर मिलिंदलाबी काढली न्हाई मी."

"तिला एवढी लागायची," मी म्हटलं.

त्यांनी विटेचा तुकडा कठड्यावर ठेवला. मग त्यांनी खिशातून मोजायची टेप काढली, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते पलीकडच्या कोपऱ्याकडे निघाले.